खाणीतल्या नासपतीखाली

स्तुदेन दोल,
१४ ऑक्टोबर २०१८

चि. मेतोदी यास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा सिनेमा काल आपल्या वाचनालयाच्या हॉलमध्ये दाखवला. हे फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तू ‘आवडला का’ असं विचारणार आणि मी घाईत हो म्हणून मोकळी होणार. म्हणून लिहिते.

हॉल भरला होता. पहिला तासभर लोकांनी तुझ्या दिग्दर्शकाची यथेच्छ थट्टा केली. तो इन्स्पेक्टर खिडकीशी उभा राहून पावसाकडे बघत राहतो, तेव्हा दिमोकाकांनी मागून विचारलं की याला कचेरीत दुसरं काम नाही का. सूप पिण्याचा प्रसंग आला तेव्हा पेनाआजी म्हणाली की माझी सूर्यफुलाच्या बियांची पुडी संपली, पण मेल्याचा चमचा काही तोंडापर्यंत पोचेना. ग्रोझ्दानकाकांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की आपण जन्मभर पोलिसात होतो, पण ड्यूटीवर इतकी दारू आपल्या नशिबी कधी आली नाही. तू ध्वनिमुद्रणात टिपलेला तो नळाच्या थेंबाचा आवाज मात्र सर्वांच्या मनाला लागला. हळूहळू बिया सोलण्याचा आवाज थांबला.

मग ते दृश्य आलं. तुला ठाऊक असलेलंच पुन्हा लिहिते, कारण कागदावर मांडल्याशिवाय मला नीट विचार करता येत नाही. आपल्याकडे माणूस गेलं की त्याचा फोटो छापलेला कागद दारावर, खांबांवर, बसथांब्यावर लागतो आणि वर्षश्राद्धाला नवा लागतो. झ्लात्कामावशीच्या दारावर एकवीस वर्षांत तसा कागद लागलेला नाही. तिची वेसेला बस पकडायला म्हणून गेली ती गेलीच, प्रेत सापडलं नाही, आणि मावशी म्हणत आली की आधी मुलगी दाखवा, मग चिकटवते. तुमच्या सिनेमातली आई मात्र पिठाची खळ करते आणि मुलीचा कागद स्वतःच्या हाताने दाराला लावते.

पेनाआजी उठून उभी राहिली. तिने छातीवर क्रूस केला. मग तिची रांग उठली, मग पुढची, मग सगळा हॉल. कोणीतरी मोठ्याने म्हणालं की देव तिला क्षमा करो, आणि बाकीच्यांनी चर्चमध्ये मृतासाठी म्हणतात तसं मागून म्हटलं. नाव सिनेमातल्या मुलीचं कोणी घेतलं नाही. वेसेलाचं घेतलं.

मावशी एकटी बसून होती. कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली, पिशवी मांडीवर.

मीही उठले होते, मेतोदी. तिच्या शेजारच्या खुर्चीवरून. सवयीने उठले, की मलाही मनातून तसंच वाटतं म्हणून उठले, हे काल रात्री वहीत लिहायला घेतलं आणि वाक्य पुरं करता आलं नाही.

लोभ आहेच, पण पत्राने पोसत जा.

तुझी,
रायनाताई

सोफिया,
२१ ऑक्टोबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र स्टुडिओच्या जिन्यात उभ्यानेच वाचलं, आणि मग तिथेच बसलो.

इथे लोक सिनेमा संपल्यावर बाहेर घोळके करून भांडतात: खुनी कोण, वनरक्षक की मामा. एका मुलाने आमच्या दिग्दर्शकाला धरून समजावलं की मामाच, कारण तो शेवटपर्यंत हातमोजे काढत नाही. खरं म्हणजे त्या नटाला थंडी सोसत नव्हती. एका वर्तमानपत्राने लिहिलं की हा सिनेमा उत्तर न देता प्रेक्षकालाच तपासाला बसवतो. लोकांना कोडं आवडतं. कागदाच्या त्या दृश्याला इथे कोणी उभं राहिलं नाही. शेवटी उभे राहिले ते कोट चढवायला.

ते दृश्य मावशीने सांगितलेल्या हकिकतीत नव्हतं. दिग्दर्शकाने घातलं. मी तिथे कानाला हेडफोन लावून उभा होतो, कागदावरून हात फिरल्याचा आवाज छान आला म्हणून खूश होतो. हे बरोबर नाही असं म्हणायचं मला सुचलंसुद्धा नाही.

मावशीने परवानगी का दिली ते तुला आठवतं ना? तिच्या स्वयंपाकघरात बसून तिने आम्हाला सांगितलं होतं की काढा, खुशाल काढा, ज्याला काही माहीत आहे तो बघेल, आणि अंधारात बसून बघताना त्याला गप्प राहवणार नाही. म्हणून विचारतो, कोणी आलं का तिच्याकडे? काही सांगायला?

तब्येतीची हेळसांड नको. माझ्यावरचा राग पत्रातच संपव, माया राहू दे.

तुझा,
मेतोदी

स्तुदेन दोल,
४ नोव्हेंबर

चि. मेतोदी यास आशीर्वाद.

आलं. सगळं गाव आलं. सांगायला कोणी नाही.

काल मृतांचा शनिवार होता, गेलेल्यांच्या नावाने गहू वाटायचा दिवस. सकाळपासून बायका उकडलेला गहू, साखर, अक्रोड असे वाडगे घेऊन मावशीच्या दाराशी उभ्या. वाईट हेतूने कोणी आलं नव्हतं, हे मला लिहिलंच पाहिजे. वेसेला त्यांच्या मुलींच्या वर्गात होती. एकवीस वर्षं त्यांनीही रडणं दाबून धरलं होतं, कारण आईच रडत नाही तर आपण कसं रडायचं. आता सिनेमात आईने कागद लावला, म्हणजे कोंडी फुटली. पेनाआजी मला समजावत होती की अगं, इतक्या मोठ्या सरकारी पैशाने काढलेला सिनेमा, त्यांनी चौकशी केल्याशिवाय का मेली म्हणून दाखवली असेल. मी तिला म्हटलं की आजी, ती कल्पना आहे. तर ती म्हणाली की असेल, पण कल्पनासुद्धा कोणाला तरी विचारूनच करतात ना.

मावशीने दार उघडलं नाही. दुपारी बसथांब्यावर वेसेलाचा शाळेतला फोटो छापलेला कागद दिसला, मग चर्चच्या भिंतीवर, मग माझ्या शाळेच्या फाटकावर. वर्गणी काढून छापलेले. मावशी बादली आणि खरवडणी घेऊन निघाली आणि एकेक ओला करून काढत गेली. कोणी अडवलं नाही, कोणी हातही लावला नाही. फाटकावरचा मी काढला. फाडायचा धीर झाला नाही, घडी करून दप्तरात ठेवला आहे. तो ठेवणं म्हणजे काय मान्य करणं, ते मला कळतं आहे.

आता मूळ गोष्ट. तुमच्या सिनेमाच्या शेवटी इन्स्पेक्टर आपल्या जुन्या चुनखडीच्या खाणीत रानटी नासपतीखाली येऊन थांबतो, जमिनीकडे बघतो, आणि पडदा काळा होतो. काल संध्याकाळी मावशी कुदळ घेऊन तिथे गेली. आज मी तिला गाठलं तेव्हा ती गुडघाभर खड्ड्यात होती. ती म्हणाली की रायना, इथली माती मऊ आहे. चहूकडे दगड, आणि एवढीच जागा हात घातला तर आत जाते. इथे कोणीतरी खणलेलं आहे.

मी हात घालून पाहिला. खरंच मऊ आहे.

तुम्ही ती जागा का निवडलीत? कोणी सांगितली? लगेच लिही.

रायनाताई

सोफिया,
८ नोव्हेंबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

पत्र मिळताच फोन केला, तू शाळेत होतीस. मग मावशीच्या घरी लावला, तिने उचलला आणि माझा आवाज ऐकून ठेवून दिला. म्हणून हे लिहितो. तिला वाचून दाखव, काही गाळू नकोस.

ती जागा कोणी सांगितली नाही. जनरेटरचा ट्रक खाणीत दुसरीकडे कुठे वळत नव्हता, म्हणून निवडली. माती मऊ आहे कारण खड्डा आम्हीच खणला. गेल्या वसंतात, कामाच्या चौघांनी, कुरकुरत. त्यात प्रेत म्हणून बाहुली पुरली होती. ते दृश्य नंतर कापलं, बाहुली भाड्याची होती म्हणून परत नेली, खड्डा बुजवला. मी स्वतः उभा होतो. मातीवर माती पडल्याचा आवाज माझ्याकडे अजून आहे.

मावशीला म्हणावं, खणू नकोस. तिथे काही नाही. मी हात जोडतो.

क्षमा मागण्याइतका जवळचा राहिलो असेन तर,
मेतोदी

स्तुदेन दोल,
१३ नोव्हेंबर

(मेतोदी, पुढचं मावशीने सांगितलं तसं लिहिलं आहे. विरामचिन्हं माझी, बाकी काही नाही. रा.)

चि. मेतोदीस झ्लात्कामावशीचे आशीर्वाद. तू माझ्या बहिणीचा मुलगा, म्हणून आशीर्वाद आधी, बाकी मागून.

तुझं पत्र रायनाने दोनदा वाचलं. रडत होती, मी नाही. फोन ठेवला कारण त्या वेळी हाताला माती होती आणि मनात वेगळं होतं. तुमचा खड्डा म्हणजे तुमचा खड्डा, मला पटलं. ट्रक वळायची गोष्ट खोटी असती तर तू ती जास्त चांगली रचली असतीस.

पण मी खणणं थांबवलेलं नाही. तुमची मऊ माती संपली, खाली कोणी न हलवलेला दगड लागला, तरी चारी बाजूंनी वाढवते आहे. रायनाला वाटतं मी डोक्याने गेले. अरे, मी तिला शोधत नाही. ती इथे नाही, हे मला डोळ्यांनी बघायचं आहे. एकवीस वर्षं ती कुठेही असू शकत होती. तुम्ही येऊन गावाला एक जागा दाखवलीत, आणि आता माझ्याकडे बघताना प्रत्येकाच्या डोळ्यात ही नासपती दिसते. ती जागा मला त्यांच्या डोळ्यांतून काढायची आहे. नंतर ती मेलेली निघाली तर निघो. कागद मी लावीन, खळ मी करीन. पण सिनेमावाल्यांच्या सांगण्यावरून नाही.

येत्या शनिवारी ये. सगळ्या गावाला निरोप धाडला आहे. पेनाला, दिमोला, आणि ग्रोझ्दानला खास, कारण तेव्हा तपास त्याच्याकडे होता आणि त्याने ही खाण कधी पाहिलीसुद्धा नाही. हॉलमध्ये उभे राहिले होते ना, तसेच खड्ड्याच्या काठाशी उभे राहतील आणि आत बघतील. आत काय आहे ते तू मोठ्याने सांगायचंस. मग तूच बुजवायचास. तुम्ही खणलात, माझ्या हातून बुजवला जाणार नाही.

मी खुर्ची घेऊन येणार आहे. मी तेव्हाही बसले होते, आताही बसेन.

बूट जाड आण. रायनाने शेवटी माया असू द्या असं काही लिहायला घेतलं होतं, मी खोडायला लावलं. आधी ये.

झ्लात्का