हेलसिंकीतला उलटा खांब

मी, मिनोबे तोकुसाबुरो, वय त्र्याऐंशी, धंदा सुतारकाम, राहणार ताकायामा, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवतो. डोके ताळ्यावर आहे.

१. राहते घर व मागची लाकडाची वखार माझी एकुलती एक मुलगी चिगुसा हिला द्यावी. तिने ते पाडून काँक्रीटचे बांधले तरी माझी हरकत नाही. ती वास्तुविशारद; गावासाठी तिने आखलेल्या काँक्रीटच्या ग्रंथालयाविरुद्ध मी भर सभेत दीड तास बोललो होतो. टाळ्या मला पडल्या, ग्रंथालय तिचे उभे राहिले. पुढे वीस वर्षे मी तिथेच वाचत बसलो, हे तिला सांगितलेले नाही.

२. रंधे व पटाश्या सुतार संघटनेला द्याव्यात. भाषणांच्या वह्या जाळाव्यात.

३. हेलसिंकीत सध्या चिगुसाच्या वास्तुकामाचे प्रदर्शन चालू आहे. तिथे मधोमध उभी असलेली देवदाराची खोली मी इथे अंगणात बांधून, सुटी करून पाठवली. तिचा एक खांब मुद्दाम उलटा, बुंध्याकडचे टोक वर ठेवून बसवला. पुरे झालेले घर त्याच दिवसापासून खचू लागते, असे आमचे गुरू सांगत; म्हणून एक खांब उलटा, घर अपुरे. चिगुसाला मी हे कधी शिकवले नव्हते. तिथल्या लोकांनी चूक समजून खांब सुलटा करू का, असे तिला विचारले. तिने मला फोनवर सांगितले, "मी म्हटलं, बाबांची चूक नसते, हट्ट असतो. राहू द्या."

"तुला हे कुणी शिकवलं?"

"वखारीच्या फटीतून बघायचे मी. तुम्ही हाकलेपर्यंत."

तेव्हापासून डोळे मिटले की ती खोली दिसते. बाहेर गोठलेला समुद्र. लोक बूट काढून आत येतात, हळू बोलतात. उलट्या खांबाची मुळे छतात पसरतात आणि त्यांना पालवी फुटते. प्रदर्शनानंतर खोलीचे काय करायचे ते चिगुसाने ठरवावे. खांब फिरवू नये.

४. लाकडावर सरळ रेघ आखायची माझी शाईची सूतदोरी. ती मागायला चिगुसा अठराव्या वर्षी आली, तेव्हा "बाईमाणसानं हिला हात लावायचा नसतो" असे मी म्हणालो. जन्मभर समतेवर गर्जत फिरलो आणि घरात हे बोललो. ते वाक्य मी परत घेतो. सूतदोरी चिगुसाची आहे, त्या दिवसापासूनची.

ज्याला वारसा मिळतो त्याला साक्षीदार होता येत नाही, म्हणून तिला आज बोलावले नाही. खाली माझा शिक्का उलटा मारला आहे. तो कोणी दुरुस्त करू नये.

ताकायामा, ११ फेब्रुवारी २०१९
मिनोबे तोकुसाबुरो (शिक्का)

साक्षीदार: ओकिमोतो रेन्जी, टोफूवाले; ससागावा किनुए, शेजारीण.
शिक्का आमच्यासमोर, जाणूनबुजून उलटा मारला. चूक नाही.