कोपऱ्यावरच्या घराची पंधरा वर्षे

गेल्या वर्षभरात या घरात आलेला माल असा: चुन्याची पोती, कठड्यासाठी सागवान, जुन्या मापाची कौले, खिडक्यांच्या बिजागऱ्या. मजुरी धरून खर्च चार लाख ऐंशी हजार. पेठेतल्या जुन्या इमारती राखण्यासाठी नगरपालिका निम्मा खर्च देते, तीन हप्त्यांत. दोन आले. तिसरा, ऐंशी हजारांचा, अडला आहे. तो का अडला हे ज्याला समजेल त्याला माझे मृत्युपत्रही समजेल, म्हणून हिशेब आधी लिहिला.

मी, खाली सही करणारी, वय अठ्ठ्याहत्तर, शिक्षण मॅट्रिक, काम घर चालवणे. देवाच्या कृपेने बुद्धी शाबूत आहे. डॉक्टरांनी तपासून तसे लिहून दिले आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. आणून पाहिले, पण ते टिकले नाही.

कलम १. पेठेच्या कोपऱ्यावरचे दुमजली घर, खाली दुकान, वर तीन खोल्या, ह्यांनी हयातीतच बक्षीसपत्राने माझ्या नावे केले. दिरांचा त्यात हक्क नाही. वाटणीच्या वेळी "ते जुनं खोकं तुम्हीच ठेवा, वहिनी" म्हणून त्यांनी नव्या वसाहतीतला प्लॉट घेतला आणि तसे सही करून दिले. खोक्याला अनुदान मिळते हे कळल्यापासून ते दोनदा चहाला येऊन गेले. चहा दिला. यापुढेही द्यावा.

अनुदानाची अट अशी की पंधरा वर्षे घर पाडायचे नाही, दर्शनी भाग बदलायचा नाही. मोडल्यास मिळालेली सगळी रक्कम परत. पाळल्यास घरपट्टीही निम्मी. माझे वय पाहून नगरपालिकेने हमीपत्रावर माझ्यानंतरच्या मालकाचीही सही मागितली, आणि तिसरा हप्ता त्या सहीसाठी थांबला आहे. थोरल्याला, म्हणजे माझ्या मुलाला, मी हमीपत्र पाठवले. उत्तर नाही. त्याच्याकडे एका बिल्डरचे जाणे-येणे आहे, हे मला ठाऊक आहे.

पण मुलाविषयी कोणी गैरसमज करून घेऊ नये. डोळ्याच्या ऑपरेशनच्या वेळी मी धाकटीकडे, म्हणजे मुलीकडे, होते. मला बरे वाटावे म्हणून त्याने तेवढ्या अवधीत दर्शनी भिंतीला सिमेंटचा गिलावा करून वर गुलाबी ऑइलपेंट दिला. चुन्याच्या भिंतीवर सिमेंट आले की ओल आतच कोंडते, म्हणून योजनेत त्याला मनाई आहे. पाहणीला आलेल्या साहेबांनी कपाळाला हात लावला.

"आजी, हे कुणी केलं?"

"मुलानं. प्रेमानं केलंय हो."

"प्रेमाला अनुदान नाही, आजी."

दुसरा हप्ता थांबला. मुलगा रजा काढून आला आणि गवंड्याबरोबर परांचीवर उभा राहून सिमेंट खरवडू लागला. "आई, तुझ्यापेक्षा तुझी भिंत हट्टी आहे गं," म्हणाला. चुन्याचा गिलावा पुन्हा केला, तेव्हा हप्ता सुटला. खरवडण्याचा खर्च मी केला. तो त्याच्या नावे मांडू नये.

म्हणून घर आधी त्यालाच. त्याने सही केली तर घर त्याचे. नाही म्हणाला तर धाकटीचे. ती सहीला तयार आहे, पण "दादाला विचारल्याशिवाय मी पुढं होणार नाही," म्हणते. बिल्डरचा आकडा मी ऐकला आहे. मोठा आहे. तो एकदा येईल आणि संपेल. दुकानाचे भाडे दरमहा येते, आणि मोठी दुरुस्ती आताच झाली आहे. हे मी मायेपोटी नाही, बेरीज-वजाबाकी करून लिहिते. माया वेगळी आहेच.

कलम २. दुकानातल्या शिंप्याला उठवू नये. बोलतो फार, पण भाडे वेळेवर देतो.

कलम ३. पोस्टातली ठेव धाकटीला. चार बांगड्या सुनेला. माझ्या काटकसरीला तिने चिक्कूपणा म्हटले, ते मी स्वयंपाकघरातून ऐकले होते. बांगड्या तरीही तिच्याच. त्या चिक्कूपणातूनच झाल्या आहेत, एवढे तिने ध्यानात घ्यावे.

कलम ४. ह्यांची तराजू दुरुस्तीची हत्यारे तंत्रशाळेला द्यावीत. भंगारवाल्याला नाही.

कलम ५. माझ्यामागे खर्च बेताचा करावा. प्रार्थना मनापासून करावी, तिला खर्च येत नाही.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला आणि दोघांच्या देखत सही केली.

मृत्युपत्र करणारी: (सही)
साक्षीदार: १. समोरच्या दवाखान्याचे डॉक्टर (सही)
२. शेजारच्या निवृत्त मुख्याध्यापिका (सही)
स्थळ: राहते घर, वरचा मजला
दिनांक: नऊ फेब्रुवारी

थोरल्यास प्रत टपालाने, सोबत कोरे हमीपत्र.

बाळा, नगरपालिकेची मुदत महिनाअखेर संपते. तू नाही म्हणालास तर मी रागावणार नाही. धाकटीला सहीला बोलावीन, इतकेच. फोन मात्र करू नकोस, फोनवर तू मला कधी नाही म्हणत नाहीस. जे मनात असेल ते उलट टपाली कळव.