दगडावरचा कर्नल

आत-बाशी, ४ सप्टेंबर १९८७

चि. मेदेर यास बुरुलाय एजेचे, थोरल्या बहिणीचे, अनेक आशीर्वाद. वि. वि. इकडे सगळे ठीक. फक्त बाबांच्या जागी कोणी कर्नल आला आहे.

बाबांना जाऊन वर्ष होतंय, त्या जेवणासाठी तू फ्रुंझेहून धाडलेला कबरीचा दगड काल ट्रकमधून उतरला. त्यावर कोरलेल्या चित्रात चेहरा बाबांचा, मानेखालचा माणूस परका! छातीवर इतकी पदकं, की बटणाला जागा नाही. अरे, बाबा लढाईत तोफांचे घोडे हाकत होते. दोन पदकं मिळाली, ती आपण बकरीच्या गळ्यात बांधून हरवली आणि ते पोट धरून हसले.

आई अंथरुणाला खिळली त्या वर्षी माझ्या वेण्या रोज त्यांनीच घातल्या. गाव हसायचं, तूही हसायचास. आता त्यांची लाज झाकायला हा कोट चढवलास का? उत्तर लवकर धाड. लोभ आहे, म्हणून इतकंच लिहिलं.

तुझी, बुरुलाय

फ्रुंझे, ११ सप्टेंबर

ती. एजेस सा. न. वि. वि. तुझं जग डोंगरापाशी सुरू होतं आणि गोठ्यात संपतं, त्यामुळे मला राग आला नाही.

जेवणाला जिल्हा कमिटीचे साहेब येणार, कबरीवर भाषण करणार. त्यांनी काय वेण्यांचं कौतुक करायचं? दगड कोरणाऱ्याकडे फौजी कोटाचं चित्र तयारच होतं, सगळ्यांना तेच लावतात. पदकं जरा जास्त झाली, तर बाबांचं काय बिघडलं? आईला विचार. तिची मान ताठ होईल.

जेवणासाठी कापायची घोडी मोठी बघून ठेव, लोक नावं ठेवायला नकोत. मुलांना पापे. राग नसावा.

तुझा, मेदेरबेक

आत-बाशी, १९ सप्टेंबर

चि. मेदेरला आईचे उदंड आशीर्वाद. बाळा, बुरुलायनं मला विचारलं. माझं मीच लिहिते, हिच्या हाती दिलं तर शिव्याच पोचतील.

दगड पाहिला. तो कोट मी ओळखते. तुझा बाप तो घालून परत आला, तेव्हा हिवाळाभर तबेल्यात निजला. झोपेत घोड्यांना हाका मारायचा. मला त्याची भीती वाटायची. मग तू झालास. थंडी फार होती, घरात लोकरीचा तुकडा नव्हता. त्यानं मेंढ्यांच्या कातरीनं तो कोट कापला आणि तुझ्या पाळण्यात अंथरला. तू त्यावर मुतलास, आणि लढाईवरून आल्यापासून तो पहिल्यांदा हसला. तुझे साहेब भाषणात हे सांगणार असतील, तर खुशाल येऊ देत.

रिवाजाप्रमाणे पुरायला फक्त पुरुष गेले, आम्ही बायका तंबूत रडत बसलो. कबरीपाशी मी आता पहिल्यांदाच जाणार. दगड परत ने. नुसता कोरा उभा केलास तरी चालेल. कोऱ्या दगडापाशी मला रडता येईल. दगडावरच्या या साहेबापुढे मी नुसती उभी राहीन.

गरम कपडे घालून ये. माया आहेच.

तुझी आई