आईचा चष्मा घरीच आहे

मी, खाली सही करणारी, चष्म्याच्या दुकानाची मालकीण, वय वर्षे एकाहत्तर, अविवाहित, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्या दडपणाशिवाय, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. शुद्धीबद्दल माझ्या धाकट्या भावाला शंका आहे, म्हणून डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. दाखल्यावर सही करताना त्यांनी मीच केलेला चष्मा घातला होता.

एक. राहते घर मी माझ्या आईला देत आहे. मी शाळेत असताना ती शेजारणीचे पातेले परत द्यायला बाहेर पडली. पातेले पोचले. आई परत आली नाही. वकील म्हणाले, "बाई, बेपत्ता माणसाच्या नावावर घर कसं करणार? सही कोण करणार?" मी म्हणाले, "आली की करेल."

धाकट्याला घर विकायचे आहे. तो म्हणतो, "ताई, आई आता शंभरीच्या पुढे असेल गं."

"मग सावकाश चालत असेल."

दोन. तपास का फसला ते इथे लिहून ठेवते. वर्तमानपत्रात द्यायला बाबांनी चष्म्यातला फोटो निवडला आणि वर्णनातही 'चष्मा आहे' असे छापवले. चष्मा स्वयंपाकघरात फळीवर होता. मी तो नेऊन दाखवला, तर म्हणाले, "चष्मेवाल्याची बायको बिनचष्म्याची छापायची? उद्या दुकानात कुत्रं फिरकणार नाही." मग शहरभर चष्मा लावलेली बाई शोधली गेली. पोलिसांनी तीन आणल्या. दोघींचे चष्मे आमच्याच दुकानातले निघाले. बाबांनी ठाण्यातच त्यांच्या काड्यांचे स्क्रू आवळून दिले. तिसरी म्हणाली, "मी राहते की तुमच्याकडे, माझी काही हरकत नाही." बाबांनी विचार करायला दोन दिवस मागितले.

दुकानाच्या पाटीवरचे त्यांचे नाव मी खरवडले आहे. ते कोणी पुन्हा रंगवू नये.

तीन. आईचा नंबर वयाप्रमाणे बदलत गेला असणार, असे धरून मी तिच्यासाठी दर थोड्या वर्षांनी नवा चष्मा करत आले. शेवटचा दाराजवळच्या खिळ्यावर आहे. तो तिथेच राहावा. जुने सगळे धाकट्याला. त्याचे डोळे आईवर गेले आहेत, एखादा बरोबर बसेल. तोंड वाकडे न करता वापरावा.

चार. आई येईपर्यंत धाकट्याने घरात राहावे. चष्म्याशिवाय तिला चार हातांपलीकडचे दिसत नाही, म्हणून घराचा नंबर मी समोरच्या भिंतीवर जमिनीपासून छपरापर्यंत रंगवून घेतला आहे. भावजय म्हणते, "वन्सं, लोक घराला नंबर लावतात, तुम्ही नंबराला घर लावलंय." तिने हसावे, पण दर पावसाळ्यानंतर रंगाचा हात द्यावा. धाकट्याने आईला मृत ठरवण्याचा अर्ज केला, तर त्याच दिवसापासून घर आईचा तपास करणाऱ्या, आता निवृत्त झालेल्या फौजदारांचे. ते विकणार नाहीत. तपास हातचा गेलेला त्यांना चालणार नाही.

पाच. दुकान आणि काचा घासायचे यंत्र माझ्या कारागिराला. माझ्या कटकटीला त्याने कधी उलट उत्तर दिले नाही. पुटपुटायचा, ते मला ऐकू येत होते.

सहा. माझे डोळे नेत्रपेढीला द्यावेत. बुबुळावरचा पडदा ज्याला बसेल, त्याला एक विनंती आहे. पडद्याला आठवण नसते, हे मला धंद्यामुळे ठाऊक आहे. तरी रस्त्यात एखादी बिनचष्म्याची म्हातारी डोळे बारीक करून घरांचे नंबर वाचताना दिसली, तर जरा थांबून विचारावे, "आजी, पातेलं दिलंत का?" ती दचकली, तर तिला हाताला धरून आणावे. आमचे घर लांबूनच दिसते.

सही (चष्मा लावून केली आहे)

साक्षीदार:
१. निवृत्त फौजदार. तपास बंद झालेला नाही, असे यांचे म्हणणे आहे. चष्मा घरी विसरल्याने सही ओळीच्या वर गेली आहे.
२. शेजारीण. पातेले यांच्या सासूबाईंचे. अजून वापरात आहे.

ठिकाण: दुकानामागची खोली
दिनांक: ९ मार्च, सोमवार. दुकान बंद, दार उघडे.