देवाची झाडं सोडून

आये, तुला जाऊन वीस-बावीस वर्षं झाली असतील. एवढ्या काळात तुला विचारावं असं पुष्कळ होतं, पण प्रत्येक वेळी उत्तर देणारं दुसरं कुणीतरी भेटत गेलं. आता जे विचारायचं आहे ते मात्र तुलाच विचारायला हवं, कारण त्याची सुरुवात तुझ्यापासून आहे. तुझ्या सुनेचं काळीज थकलं आहे. पावसाळा सरल्यापासून तिला धाप लागते, संध्याकाळी पाय सुजतात, उशाला दोन उशा घेतल्याशिवाय झोप येत नाही. मुलुंड स्टेशनाजवळच्या डॉक्टरांकडे तिला टांग्यातून घेऊन गेलो. त्यांनी नळी लावून छाती ऐकली, पाठ ऐकली, पायावर बोट दाबून खळगा किती वेळ राहतो ते पाहिलं, आणि दिवसभर घरात काय काय करता म्हणून विचारलं. स्वयंपाक, धुणं, दळण निवडणं, सगळं सांगून झाल्यावर ती म्हणाली, "आणि मागल्या दारी थोडी बाग आहे."

"केवढी? लहान, मध्यम, की मोठी?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. असं आम्हाला कुणी कधी विचारलं नव्हतं.

"सांगा ना," डॉक्टर म्हणाले. "लहान असली तर खुशाल करा, तेवढी हालचाल चांगलीच. मोठी असली तर आजपासून बंद. पाणी उचलणं, वाकणं, काही नाही. हे काळीज आता ओझं सोसणारं नाही. पुन्हा सूज चढली तर माझ्या हातात काही राहणार नाही, आत्ताच सांगून ठेवतो."

"लहान," ती पदर सारखा करत म्हणाली. क्षणाचाही विचार तिने केला नाही. मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. तीसहून जास्त वर्षं तिच्याबरोबर काढली आहेत, ती खोटं बोलते तेव्हा मला कळतं. ती खोटं बोलत नव्हती.

येताना टांग्यात मी म्हटलं, "अगं, लहान कशी म्हणालीस?" ती म्हणाली, "नाहीतर काय म्हणू? भेंडीचे दोन वाफे, पडवळाचा मांडव, न्हाणीच्या पाण्यावरचं आळू आणि ते एक लिंबाचं झाड. एवढ्याला का कुणी मोठी म्हणतं?" मी म्हटलं, "आणि जास्वंदी? तगर, प्राजक्त, अनंत? दुर्वांचा वाफा, बेल, तुळशी?" काहीतरी अशुभ बोललो असावं तसं तिने माझ्याकडे पाहिलं. "ती देवाची," ती म्हणाली. "ती बागेत कशी धरायची?"

तुला तो दिवस आठवतो का? लग्नाचं पहिलंच वर्ष होतं. तिचे वडील लेकीला पाहायला आपल्या घरी आले होते, आणि ओटीवर पान खाताना त्यांनी सहज विचारलं, परसात काय काय लावलंय. ती बिचारी उत्साहाने सांगायला लागली. दाराआड उभी राहून बोटं दुमडत एकेक झाड मोजत होती, चार जास्वंदी, दोन अनंत. तू आतून पिठाच्या हातानेच बाहेर आलीस. व्याह्यांसमोर मोठ्याने बोलली नाहीस, पण मला ऐकू आलं. "गो बाये, देवाचा काय मोजतंस? ता आपला नाय." तिने दुमडलेली बोटं सोडली. संध्याकाळी तूच तिला विहिरीवर नेलंस आणि दाखवलंस, हे आपलं, हे देवाचं. आपल्याला किडीने खाल्लं तर हळहळायचं, देवाचं किडीने खाल्लं तर त्याचं तो बघून घेईल. पाणी मात्र त्याचं एक दिवसही चुकवायचं नाही. आम्ही मुंबईला निघालो तेव्हा ओल्या फडक्यात आणि केळीच्या सोपटात गुंडाळून तू तिला जास्वंदीच्या फांद्या दिल्यास. बोटीवर तिने ते गाठोडं रात्रभर मांडीवर धरलं होतं. दुसऱ्या कुणाच्या सामानाला ते लागू नये म्हणून.

त्या फांद्यांचं आता केवढं झालंय ते तू पाहायला हवं होतंस. इकडे डोंगराच्या बाजूला जागा मोकळी होती, घरमालकाने कधी अडवलं नाही, विहिरीला पाणी होतं. दरवर्षी देवाचं थोडं वाढत गेलं. आपलं होतं तेवढंच राहिलं.

घाटकोपरहून तुझी नात आली. तू गेलीस तेव्हा ती रांगत होती, आता तिलाच पोर आहे. जीभ तिची इकडची, फटकळ. डॉक्टरांचं ऐकून ती मागल्या दारी गेली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "बाबा, ही लहान? ही? अहो, परवा माझं पोर हरवलं होतं हिच्यात! हाका मारून मारून घसा बसला माझा."

"तुझ्या सासरी खिडकीत तुळशीचा एक डबा," तुझी सून आतून म्हणाली. "तुला काय, गवत उगवलं तरी रान वाटतं."

"डबा तर डबा. त्याला पाणी घालताना मला धाप नाही लागत. बाबा, तुम्ही सांगा ना तिला. घरात कुणी मोठं आहे की नाही?"

घरात मोठा मीच. म्हणून एका रविवारी मी ठरवलं की आपण पाहायचं, आणि जे दिसेल ते डॉक्टरांना सांगायचं. गावच्या शाळेत गुरुजींनी हात, काठी, गुंठा सगळं शिकवलं होतं, पण लहान कुठे संपतं आणि मोठं कुठून लागतं हे कुठल्याच कोष्टकात नव्हतं. समोरच्या पारशाच्या बंगल्याशेजारी आपली बाग लहान दिसते, तिकडे तर रबरी नळी आणि पगारी माळी. पलीकडच्या चाळीच्या मानाने पाहिलं तर मोठी, तिथे लोक कौलावर घेवडा चढवतात. पायरीवर बसून पाहिली तर कुंपणापर्यंत सगळी नजरेत मावली, आणि मला वाटलं, खरंच, एवढीशी तर आहे. मग मी विहिरीवर गेलो, कळशी भरली आणि पाणी घालायला निघालो. भेंडी झाली, आळूला नको होतं, लिंबू झालं, तोवर ठीक. तिचं म्हणणं तिथपर्यंत खरं होतं. पुढे जास्वंदी लागल्या. प्राजक्तापाशी पोचेतो माझा खांदा भरून आला, बेल तर त्या टोकाला, आणि मी खाली बसलो. हे ती रोज करते. मला काळजाचं काही नसताना मी बसलो.

म्हणजे मोठी, असं म्हणून मी उठायला हवं होतं. पण मोजताना मी देवाचं मोजलं होतं. तुला हसू येईल, पन्नाशीला आलेला माणूस, फोर्टातल्या कचेरीत आयुष्यभर आकडे मांडलेला, आणि त्याला वाटतं, आपण नको ते केलं. रोज सकाळी पोथीचा अध्याय वाचतो, पण त्या दिवशी देवासमोर बसलो तर मान वर होईना. गावी असतो तर ग्रामदेवतेला कौल लावला असता. देवीला लावलेलं फूल डावीकडे पडो की उजवीकडे, ते मान्य. पण कौल लावायला फूल लागतं, आणि फूल तिच्याच बागेतलं. देवाचाच त्यात हिशेब, मग त्यालाच कसं विचारायचं?

पुढच्या शनिवारी औषधाची रिकामी बाटली घेऊन एकटाच दवाखान्यात गेलो. डॉक्टर विसरले नव्हते. "काय हो, ती बाग? बाई म्हणाल्या लहान. तुम्ही काय म्हणता?"

मी म्हटलं, "मध्यम."

ते हसले. "मध्यम म्हणजे काय? काळीज मध्यम थकत नाही." मग माझं तोंड पाहून थांबले असावेत. बाटलीवर कागदाची पट्टी चिकटवत म्हणाले, "बरं, असं करा. फुलं तोडू देत, बसून भाजी खुडू देत. पण बागेला पाणी त्यांनी घालायचं नाही. एक कळशीसुद्धा नाही. ते तुम्ही."

आये, मला केवढं हलकं वाटलं. बाग राहिली आणि तीही राहिली असं वाटलं. घरी येऊन सांगितलं, तिने ऐकलं, मान डोलावली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी भेंडीला पाणी घातलं, पडवळाला घातलं, ती पायरीवर बसून सांगत होती, "मुळाशी घाला हो, पानांवर काय ओतता." मला बरं वाटत होतं. लिंबाचं आटोपून मी वळलो तर ती विहिरीपाशी, कळशी भरलेली.

"अगं, डॉक्टरांनी काय सांगितलंय?"

"बागेला पाणी घालू नको म्हणून सांगितलंय. घातलं का मी? बागेला तुम्ही घातलंत."

"मग हे काय?"

"ही बाग कुठाय?"

मी पुष्कळ बोललो. देवाला माणसाचं काळीज कळतं म्हटलं, माझ्या हातचं पाणीही त्याला चालेल म्हटलं. ती म्हणाली, "तुमचं चालेल हो. पण सासूबाईंनी माझ्या हाती दिलंय." मग म्हणाली, "त्या शेवटल्या दुखण्यात पडल्या त्याच्या आदल्या दिवसापर्यंत घालत होत्या. त्यांना कुणी विचारलं होतं का, केवढी म्हणून?" तू असतीस तर एका शब्दात काम झालं असतं. पुरे गो आता, एवढं तू म्हणाली असतीस आणि तिने कळशी खाली ठेवली असती. माझं ती ऐकते, पण देवाच्या बाबतीत ती तुझंच ऐकते, आणि तू बोलून गेलीस ते मागे घ्यायला इथे नाहीस. तुझ्या नातीला सांगितलं तर ती येऊन सगळं उपटेल, आणि मग ही कशाला उठेल सकाळी, तेही मला दिसतं.

हा कागद मी कुणाला दाखवणार नाही. पोथीच्या फडक्यात बांधून ठेवीन, ते माझ्याशिवाय कुणी सोडत नाही. एवढं मात्र तुला सांगतो. काल मी तिच्या हातातली कळशी धरली. तिनेही सोडली नाही. दोघं तसेच उभे राहिलो, पाणी हिंदकळून दोघांच्या पायांवर पडत होतं, आणि तिचा श्वास मला ऐकू येत होता. माझ्या हातात बळ जास्त होतं, आये. ओढून घेता आली असती. मी सोडली.