एकशे बारा फोटोंत एकही पक्षी नाही

ती. दादांना शि. सा. नमस्कार.

तुमचा खोकला कसा आहे? आमच्याकडे सगळं ठीक, म्हणजे विचारणाऱ्याला सांगण्यापुरतं ठीक. तुमच्या बहिणीची खाट ऑक्सिजनच्या यंत्रापायी पुढच्या खोलीत हलवली (मागच्या खोलीतला प्लग सैल आहे). त्यामुळे परसातले पक्षी तिला आता नुसते ऐकू येतात. परवा तिने विचारलं, "कोण बोलतंय हो बाहेर?" मी डोकावून म्हटलं, "कावळा." "कावळा अशी शीळ घालतो?" माझ्या अज्ञानाचे चाळीस वर्षांचे पुरावे तिच्यापाशी आहेत, त्यात भर नको म्हणून मी कॅमेरा घेतला.

तुम्ही जन्मभर स्टुडिओ चालवलात, तुम्हालाच विचारायचं. मी दुकानदाराला विचारलं. तो म्हणाला, या लेन्समध्ये अख्खं परसदार मावेल. मावलं. बुलबुल मोहरीएवढा आला. ती बराच वेळ फोटो न्याहाळून म्हणाली, "दोरीवरचे कपडे काढा, विटतील." मग लेन्स बदलून हातभर लांब नळीची आणली. ती दोन मीटरच्या आतलं काही बघत नाही, हे कुणी सांगितलं नव्हतं. तिवई लावून शेजारणीच्या भिंतीवर नेम धरून तासभर बसलो, तर बुलबुल येऊन नळीवरच बसला! (शेजारीण आता कपडे घरात वाळत घालते.) या नळीने काढलेल्या एकशे बारा फोटोंत नुकत्याच रिकाम्या झालेल्या फांद्या आहेत.

ते मी दाखवणार नव्हतो, तिनेच मागितले. एकेक बघून सांगत गेली, ही दबलीय म्हणजे साळुंकी होती, ही नुसती थरथरतेय म्हणजे शिंपी. खरंखोटं देव जाणे. पण पाऊण तास बोलली, धाप न लागता.

तर पक्षी उडायच्या आत टिपायला शटर किती ठेवू, तेवढं कळवा.

तुमचा,
धाकट्या बहिणीचा नवरा

ता. क. शटरचं राहू द्या. तुम्हीच या. डॉक्टर आता महिन्यांत बोलत नाहीत, आठवड्यांत बोलतात. तुम्हा भावाबहिणीचा अबोला अकरा वर्षांचा आहे, मला ठाऊक आहे. "दादाला कळवलंत तर बघा," असं तिने बजावलंय. म्हणून कळवतोय.

ता. क. २. पाकीट चिकटवताना तिने विचारलं, पत्र कुणाला? मी म्हटलं, दुकानदाराला, तक्रार केलीय. ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "त्याला लिहा, सकाळच्या गाडीने ये. दुपारी मला ग्लानी असते."