व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरचा ताबा

मी, नूरमहंमद इमाम तांबोळी, वय बहात्तर, धंदा रेडिओ-टेप दुरुस्ती (आता बंद), राहणार वलवण, लोणावळा, ता. मावळ, जि. पुणे, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. याबाबत माझी पत्नी कमरजहाँ हिचं मत निराळं असेल, पण ते लग्नापासूनच निराळं आहे, म्हणून ग्राह्य धरू नये.

१. घर आणि पोस्टातली शिल्लक आमच्या कायद्याच्या हिश्शांप्रमाणे कमरजहाँ, मुलगा तन्वीर आणि मुलगी इफ्फत यांना मिळेल. त्यात मी नाक खुपसत नाही. फक्त गच्चीवरचा अँटेना तन्वीरने भंगारात घालू नये. त्यावर काही दिसत नाही हे मला ठाऊक आहे. कावळे बसतात.

२. मीटर, सोल्डरिंग आयर्न आणि स्क्रू ड्रायव्हरचा डबा बाजारातल्या मोबाइलवाल्या सोपानला. अट एकच: "नवीन घ्या" म्हणण्याआधी त्याने वस्तू एकदा तरी उघडून बघावी.

३. लोहगडवाडीचा माझा मित्र महिपती साबळे यास काहीही देत नाही. २०२१ साली मी तुंगार्लीतल्या एका बंगल्यातून गिटारचा जुना अ‍ॅम्प्लिफायर विकत घेतला. माळ्याने त्यावर कुंड्या मांडल्या होत्या. महिपतीने तो आपल्या टेम्पोतून आणला आणि उतरवताना म्हणाला, "नूरभाई, ह्यात कोंबडी लय झ्याक बसंल." दुसऱ्या दिवशी अख्खी वाडी माझ्या खुराड्याची चौकशी करत होती. हे मी विसरलेलो नाही. साक्षीदाराला काही देऊ नये असं वकीलबाईंनी सांगितल्यावर मी महिपतीलाच साक्षीदार केलं आहे.

४. सदर अ‍ॅम्प्लिफायर इफ्फतला द्यावा. जुन्या रेडिओत असत तसे त्यात काचेचे व्हॉल्व्ह आहेत. आणला तेव्हा स्पीकरचा कागद उंदरांनी खाल्लेला, कंडेन्सर फुगलेले, आणि ट्रान्सफॉर्मरमध्ये लोणावळ्याचे कितीतरी पावसाळे मुरलेले. बाकीचं बदललं, पण ट्रान्सफॉर्मर मूळचाच ठेवायचा माझा हट्ट होता. शेवटी तो वाळवायला महिपतीच्या बायकोने, कस्तुराबाईने, आपलं बांबूचं डालगं दिलं. त्यावर तिने नातवंडांचे लंगोट वाळवले होते. खाली इंगळांची शेगडी, तिच्यावर पालथं डालगं, डालग्यावर ट्रान्सफॉर्मर. पहिल्या दिवशी इंगळ जास्त झाले आणि आतलं मेण पाघळलं. कस्तुराबाई म्हणाली, "भाऊ, लेकराचं कापड असतं तर जळलं असतं न्हाई का!" मग मंद आचेवर नऊ दिवस ठेवला, तेव्हा वाळला. हे मी इफ्फतसकट सगळ्यांना ऐकवलं. सगळं काम पुरं व्हायला तीन वर्षं गेली. विकायला करतोय असं मी घरात सांगितलं. ते खोटं होतं.

सतरा वर्षांपूर्वी, इफ्फत बारावीत असताना मी तिची मामाने दिलेली गिटार पोटमाळ्यावर टाकली. परीक्षा झाली की देतो म्हणालो. परीक्षा झाली. मी आधी विसरलो, नंतर लाज वाटू लागली. तिने कधी मागितली नाही. आता ती तळेगावच्या शाळेत विज्ञान शिकवते, दर रविवारी येते, माझ्या ब्लडप्रेशरबद्दल विचारते आणि जाते. ती वाजवायची तेव्हा मी दुकान मुद्दाम लवकर बंद करून यायचो. हे तिला कधी सांगितलं नाही. माझ्यामागे वाचून कळेल.

(वरील संपूर्ण कलम ४ खोडलं आहे. रेघ एकच मारली आहे, म्हणजे वाचता येतं. तन्वीरनेही वाचावं.)

५. खोडण्याचं कारण. वकील शुभदाताईंनी कलम ४ वाचलं आणि चष्मा काढला. "तांबोळीकाका, वारसाला असं मृत्युपत्रानं दिलं तर बाकीच्या वारसांची संमती लागते. हयातीतच द्या ना. हिबा करा." हिब्याला, म्हणजे आमच्या कायद्यातल्या बक्षिसाला, तीन गोष्टी लागतात. देणाऱ्याने तसं सांगायचं, घेणाऱ्याने कबूल करायचं आणि वस्तूचा ताबा द्यायचा. मी विचारलं, नुसतं लिहून ठेवलं तर? त्या म्हणाल्या, "तोंड आहे ना, काका?"

मेल्यावर माफी मागायची माझी सोय अशी कायद्यानेच काढून घेतली.

आज सकाळी इफ्फत आली. मी अ‍ॅम्प्लिफायर पुढे ठेवला, गिटार खाली काढली. तारा गेल्या वर्षीच बदलून ठेवल्या होत्या. तिने वायर जोडली, बटण दाबलं. आवाज नाही. "बंदच आहे, अब्बा." मी म्हणालो, "थांब, व्हॉल्व्ह तापायला मिनिटभर लागतं." ते मिनिट काही संपेना. कमरजहाँसुद्धा स्वयंपाकघरात भांडी वाजवायची थांबली. शेवटी मी म्हणालो, "चुकलं माझं. गिटार तुझी होती. हाही तुझा." तिने माझ्याकडे बघितलं नाही, व्हॉल्व्हकडे बघत राहिली. ते लाल झाले.

"कबूल," ती म्हणाली. मग डोळे पुसून, "सतरा वर्षं, अब्बा! ट्रान्सफॉर्मर नऊ दिवसांत वाळला."

हेही मला कबूल. सबब सदर अ‍ॅम्प्लिफायर आजपासून माझ्या मिळकतीत नाही. त्यावर कोणीही हक्क सांगू नये, मीही नाही.

ठिकाण: वलवण, आमच्या घराची ओसरी
दिनांक: १६ नोव्हेंबर २०२५, रविवार

लिहून ठेवणार: नूरमहंमद इमाम तांबोळी (सही)
कलम ४ च्या खाडाखोडीखाली: नूरमहंमद (सही)
ताबा मिळाला: इफ्फत (सही)

साक्षीदार:
१. शुभदा, वकील, लोणावळा (सही)
२. महिपती साबळे, लोहगडवाडी (सही). सही वाकडी आली. टेबल हलतंय. आत इफ्फत वाजवतीया.